काज नसलेली बटणं

उजव्या कानावर पेन्सिल ठेवायची सवय
तेवीस वर्षांची.
मार्चात एक दिवस ती घसरली,
पुन्हा ठेवली, पुन्हा घसरली.
ट्रायल रूमच्या आरशात पाहिलं तर
कानाच्या वरच्या वळणात काहीतरी भरलेलं,
भिजल्या वाटाण्याएवढं.
पंधरवड्यात सुपारीएवढं.
दुखत नव्हतं.
दुखलं असतं तर लवकर गेलो असतो.

कांता म्हणाली, मिठाचा शेक घ्या.
अश्फाक म्हणाला, उस्ताद, राहू द्या,
लग्नसराईत गिऱ्हाईक फार बोलतात,
तेवढंच कमी ऐकू येईल.
गांधीबागेत ज्याच्या खांद्याचं माप घेतलं
तो माझ्या कानाचं माप घेऊन गेला.

मेयोत नंबर लागला बावन्नावा.
डॉक्टर म्हणजे पोरगीच, हेडाऊ आडनावाची.
कान बोटांत धरून मागून टॉर्च लावला.
"पाणी आहे. तसलं काही नाही, घाबरू नका जी.
दुपारी कुठं झोपता?"
कटिंगच्या टेबलावर, म्हटलं,
उशाला पँटपीसचा तागा.
ती हसली नाही. लिहून घेतलं.

सुईनं ओढलं तेव्हा
जवसाच्या तेलासारखं पिवळं, पातळ,
जेमतेम चमचाभर.
कान रिकाम्या खिशासारखा बसला.
आठ दिवसांत खिसा पुन्हा भरला.

"आता पाणी काढून
दोन्ही बाजूंनी दाबून ठेवू.
कापाकापी नाही. बटणं आणा दोन, साधी.
बाहेर दुकानात मिळतील."
मला सांगते, बटणं दुकानात मिळतील.

त्या रात्री डबा पालथा घातला.
शिंपल्याची नकोत, कडा बोचते.
पितळेची तर नाहीच.
शेवटी सफारीची, चोवीस नंबरची, चार छिद्रांची.
कडेवरून बोट फिरवलं, मग जीभही.
इतकं चोखंदळपण
कुणाच्या शर्टासाठी केलं नव्हतं.

तिनं ती वाफेत शिजवून आणवली.
बधिर करायचं इंजेक्शन, दुखलं ते तेवढंच.
मग सुई आत शिरली
आणि मी आवाज ओळखला.
कॉलरच्या बकरमातून जाताना
हाच कर्र येतो.
"कूर्चा," ती म्हणाली.
बकरमच, मी म्हटलं,
दोन अंगांना कापड, मध्ये बकरम,
म्हणून तर कान उभा राहतो.

पुढच्या बटणातून मागच्या बटणात,
मागून पुढे. डोळे मिटून टाके मोजले.
राहवेना.
मॅडम, थोडी ढील द्या,
आम्ही खाली काडी ठेवून शिवतो,
नाहीतर बटण काजात बसत नाही.
"इथं काज कुठाय जी?"
हात थांबला नाही तिचा.
"ढील दिली तर पाणी परत येते,
जास्त आवळलं तर कातडी काळी पडते.
आमचे आजोबा तांडापेठेत मागावर बसत,
गाठ त्यांनीच शिकवली.
गप पडा आता."
गप पडलो.

दहा दिवस कानाला बटणं लावून मशीनवर बसलो.
एका पोट्ट्यानं विचारलं,
काका, याच्यानं कान बंद करता येते का?
म्हटलं, हो. रात्री करतो.

उजव्या कुशीला भिंत होती.
डाव्या कुशीला कूलर, आणि त्याच्या अलीकडे कांता.
किती वर्षांनी पाहिला
तिचा झोपेतला चेहरा.
तोंड थोडं उघडं. बोटाला अजून अंगुस्तान.
सुई टोचली असती तरी कळलं नसतं तिला.

अकराव्या दिवशी कात्रीचा एक बारीक आवाज.
कान सपाट. थोडा जाड.
इस्त्री चुकलेल्या घडीसारखी एक रेघ.
बटणं धुऊन, कागदात गुंडाळून
तिनं हातावर ठेवली,
"तुमचा माल."

वेगळी ठेवणार होतो.
अश्फाकनं टेबल आवरताना
कागद डब्यात मोकळा केला.
शोधली नाहीत.
चोवीस नंबर, चार छिद्रं, तशी पाचशे होती.
मे महिन्यात सफारी पुष्कळ गेल्या,
कामठीला, हिंगण्याला,
एक तर पार बालाघाटला.

पेन्सिल आता डाव्या कानावर ठेवतो.
त्याला सवय नाही.
पडते.