खिळा

नावघराच्या दारावर एक यादी होती,
योआन्नेसनं स्वतःच्या हातानं लिहिलेली, एकोणीस कलमं,
फेरो बेटांवरच्या खाऱ्या वाऱ्यानं शाई पिवळी पडलेली.
पाच मिनिटं उशीर, पन्नास बैठका.
नावेत बोलणं, आठवडाभर किनाऱ्यावर.
सतरावं कलम कुणालाच वाचता यायचं नाही,
तरी त्याची शिक्षा मी एकदा भोगली आहे.

तो लेकीकडे राहायला डेन्मार्कला गेला
आणि गावानं तुरिदला विचारलं,
मासळीच्या कारखान्यात दिवसभर कॉड चिरणाऱ्या तुरिदला.
तिनं यादी काढली. फाडली नाही.
मागच्या कोऱ्या बाजूवर भरती-ओहोटीच्या वेळा लिहिल्या,
नावघराची किल्ली ठेवली उंबऱ्याजवळच्या दगडाखाली,
आणि एवढंच म्हणाली,
“साडेपाचला पाणी चांगलं असतं.”

आम्ही काय केलं असेल?
दावं सुटलेली वासरं करतात तेच.
पावणेसहा. सहा. सव्वासहा.
तुरिद सुकाणूपाशी बसलेली असायची,
थर्मासमधली कॉफी एकटीच पीत.
शेवटची आली की म्हणायची, “चला.”
त्या “चला”त राग शोधून शोधून दमलो आम्ही.
सापडला असता तर बरं झालं असतं.

मग जूनमधली ती सकाळ. रान्व्हा आलीच नाही.
“पाचजणी जाऊ,” तुरिद म्हणाली.
एका अंगाला तीन वल्ही, दुसऱ्या अंगाला दोन.
नाव सारखी कड्याकडे तोंड फिरवायची
आणि ती सुकाणूवर अख्खं अंग टाकून तिला परत आणायची.
मधली फळी रिकामी,
दात पडलेल्या हिरडीसारखी.
जीभ जाते तसं आमचं ध्यान तिथंच जात होतं.
त्या दिवशी कुणी हातचं राखून वल्हवलं नाही.

संध्याकाळी रान्व्हा दारात उभी.
“झोपले होते.”
आजारी आई नाही, बंद पडलेली गाडी नाही. झोप.
आम्ही शिक्षेची वाट पाहत होतो,
खरं सांगते, थोड्या आशेनंच.
तुरिदनं तिच्या हातात पट्टीची गुंडाळी दिली.
पाचजणींचे दहा तळहात.
एकेक फोड पुसत, बांधत गेली ती, मान खाली घालून,
आणि ब्यार्ताच्या हातापाशी तिला रडू फुटलं.
ब्यार्ता म्हणाली, “इतकं घट्ट नको,
घरी जाऊन भांडी घासायचीत मला.”

दंड भरला की माणूस मोकळं होतं.
पन्नास बैठका, हिशेब मिटला.
विश्वासाची पावती कुणी फाडून देत नाही,
बाकी पुढच्या पानावर ओढली जाते, मग त्याच्या पुढच्या.
गुडघे दुखतात त्या दिवशी
मला अजूनही ती यादी हवीशी वाटते.

वल्हवणाऱ्याची पाठ मुक्कामाकडे असते.
आपल्याला दिसतं ते मागं पडलेलं पाणी
आणि सुकाणूवरचा एक चेहरा, ज्याला पुढचं दिसतं.
शर्यतीत, शेवटच्या दोनशे मीटरला,
निळी नाव आमच्या वल्ह्यांना घासत आली.
आजूबाजूचे सुकाणूवाले घसा फाडून ओरडत होते.
आम्ही तुरिदकडे पाहिलं.
तिनं डोळे मिटले.
श्वासभरच. पण सहाजणींनी पाहिलं ते,
आणि कुणीच कुणाला काही न सांगता
वल्ही एकदम पाण्यात गेली.

सात नावांत चौथ्या आलो.
चौथ्याला काही मिळत नाही,
धक्क्यावर कुणीतरी गरम सूप दिलं, तेही पातळ.

यादीचा खिळा अजून दारात आहे.
काढायचं कुणाला सुचलं नाही.
जी पहिली येते, ती त्यावर आपली ओली टोपी अडकवते.
काल माझी होती.
आज रान्व्हाची.
पाच वाजून पाच मिनिटं.