उजवी बाजू

डंडीला आल्यावर पोटाचे दोन भाग झाले.
सोमवारी डावीकडे सुई, मंगळवारी उजवीकडे.
नर्सने बेंबीभोवती घड्याळ काढून दिलंय कागदावर,
मी काटा सरकवत जाते.
उजवीकडे टोचताना हसू फुटतं.
'कूस उजवू दे' म्हणत आत्याबाईंनी बांधलेला गंडा
मनगटावर आहे अजून, विटून करडा झालेला.

औषध आधी फ्रीजच्या दारात असायचं.
सासूबाई आल्यापासून
भाज्यांच्या खणात, मेथीच्या जुडीखाली.
"वांझेचं औषध दुधाशेजारी नको."

श्रीरंगच्या तपासणीचं पाकीटही आलं होतं.
ते त्याच्या खणात, किल्ली त्याच्या खिशात.
जेवताना बोलायला माझेच आकडे.

चैत्रात नेर्लेकरांकडे हळदीकुंकू.
नखभर हळद, नखभर कुंकू,
आणि ओटीचं ताट माझ्यासमोरून
असं पुढं गेलं
जशी टे नदीच्या पुलावरून रात्रीची गाडी,
खिडक्या उजळलेल्या, न थांबता.
मी पदर पसरला होता.
पसरलेला पदर परत आवरायला
किती वेळ लागतो, माहीत आहे?
कैरीची डाळ मात्र आग्रहाने दोनदा वाढली.

त्या रात्री त्याने फोन काढून घेतला. पासपोर्ट आधीच होता.
दार आपटल्याचा आवाज, मग माझा.
शेजारच्या मिसेस गिलख्रिस्टनी भिंतीवर दोनदा टकटक केलं.
चिडून, की विचारपूस म्हणून, कळलं नाही.
सगळे निजल्यावर
मीही एकदा केलं, हळूच, बोटाच्या पेराने.

गुरुवारी दवाखान्यात
तो माझ्या वतीने इंग्रजी बोलत होता, नेहमीसारखा.
(मिरजेला मी आठवीला इंग्रजीच शिकवायचे.)
मोराग नर्सने त्याला
कसलासा फॉर्म भरायला खाली धाडलं,
पडदा ओढला,
आणि डावीकडे नाही, उजवीकडे नाही,
माझ्या तोंडाकडे बघत विचारलं,
घरी भीती वाटते का?

सहा वर्षांत मला विचारलेले सगळे प्रश्न
बेंबीखालचे होते.

हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही.
बाही वर सारली.
गंड्याखालचं निळं तिने पाहिलं,
पण हात लावला नाही.

कात्री मिळेल का, म्हटलं.
माझ्या इंग्रजीत.
आवाज ओळखीचा वाटला नाही,
पण व्याकरण बरोबर होतं.