आधी गंज

तळघरात हीटर लावलाय.
बाहेर बाल्टिकचं वारं कुंपणाच्या जाळीतून शिट्ट्या घालतंय,
आणि टेबलावर पडलंय नादियाच्या ट्रकचं नुसतं कवच,
मोटर नाही, चाकं नाहीत.
उपडं ठेवलं तर ट्रक, उताणं ठेवलं तर होडी.

तिसऱ्या मजल्यावरची ही पोर. वय नऊ.
आई रात्रपाळीला, रिमोट हिच्या दप्तरात.
म्हणाली, पान बोगुमिल, निळा नको झालाय मला.
म्हटलं, लाल देतो. झकास लाल.
नको.
बंदरावर टायरांच्या ढिगामागे तो जुना ट्रक उभा असतो ना,
तसा करा. गंजलेला.

सदतीस वर्षं मी ग्दिनियाच्या गोदीत जहाजं रंगवली.
दोराला लोंबकळत, तोंडाला फडकं बांधून:
आधी खरवड, मग शेंदरी अस्तर,
मग काळा, मग मालक म्हणेल तो.
तांब दिसली की घासायची, एवढाच आमचा धर्म.
झेनॉन म्हणायचा, गंजाला झोप नसते रे,
आणि स्वतः डबा उघडायच्या आधीच घोरायला लागायचा.

आता ही मला गंज मागते.
विकत!
बारा झ्लॉटी मोजून ठेवलीत, सगळी नाणी.

पहिले दोन दिवस निळा काढण्यात गेले.
थिनर चालत नाही, प्लास्टिक दुधाळतं.
स्पिरिट आणि जुना टूथब्रश,
कोपऱ्याकोपऱ्यात बोट घालून, धीर धरून.
स्टिकर केस वाळवायच्या यंत्रानं ऊब देऊन सोलले,
एकाच्या मागे कुणीतरी पेन्सिलनं लिहिलेलं
"टोमेक". मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.
मग भांड्यांच्या साबणानं धुतलं,
आणि ते असं लख्ख आरपार झालं
की हातात धरलं तर हातच दिसावा.

इथं माझी सगळी विद्या उलटी.
ही कवचं आतून रंगवतात.
डोळ्याला जे सगळ्यात वर दिसायचं
ते सगळ्यात आधी लावायचं,
आणि खालचं शेवटी.
म्हणजे आधी गंज.
मग ट्रक.

भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा फाडला,
तपकिरीत टेकवला, कागदावर झटकला,
चाकांच्या कमानीत टिपटिप,
दाराच्या कडेला, बिजागरीखाली ओघळ.
थोडा नारिंगी, कारण ओला गंज नारिंगी असतो,
आणि पावसाळी सकाळी तर जवळजवळ सुंदर.
(हे मी गोदीत कधी बोललो नाही.
बोललो असतो तर झेनॉननं बादलीच ओतली असती.)
हात आपोआप जात होता. कुठून सुरू होतो,
कुठं पापुद्रा धरतो, कुठल्या खिळ्यापाशी दबा धरून बसतो,
सगळं पाठ. वैऱ्याचा चेहरा
घरच्यांपेक्षा जास्त पाहिलेला.

त्यावर फिकट हिरवा, पातळ पातळ, तीन हात.
डबा कोमट पाण्यात ठेवून, हलवून, दमानं.
जाड मारला तर पहिल्याच धडकेत तडकतो.
शेवटी पांढरा पाठीला,
नाहीतर उजेडात हिरवा पोकळ दिसतो.
आतून पाहिलं तर सगळा पांढराफटक. काहीच नाही.
मग उलटा केला,
आणि बाहेरून चिकटवलेली पट्टी टरकन् ओढली.

तीस वर्षांचा ट्रक.
कालच जन्मलेला.

रविवारी धक्क्यावर नेला.
नादियानं पहिल्याच उडीत तो लोखंडी खुंटावर आपटला.
माझा जीव गळ्याशी.
तिनं टपावर अंगठा फिरवला: नुसता पांढुरका ओरखडा,
रंगाला बोटही लागलं नव्हतं, तो तर आत.
पुन्हा सोडला. गेला धुरळा उडवत,
सीगल पक्ष्यांच्या मधून, थेट पहारेकऱ्याच्या बुटापर्यंत.

त्यानं उचलला, फिरवून पाहिला,
माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं.
म्हणाला, काय हो आजोबा,
पोरीचं खेळणं एवढं सडलंय,
जरा रंगवून तरी द्यायचं.

नादिया रिमोट छातीशी धरून वाकली हसायला.
मी खिशात हात घातला.
नखांखालचा नारिंगी अजून गेला नव्हता.