तिखट हात

नंदुरबारच्या पथारीवर थंडीत
जमीन दिसत नाही, नुसती मिरची.
आम्ही दोनशे बाया तिच्या कडेला बसून
देठ खुडतो, किलोवर पैसे,
ऊन वरून, तिखट खालून,
आणि दिवसभर शिंका.

माझं नाव रिबका. रिबका शिमोन गावित.
मुकादम रेबाबाई म्हणतो. चालतं.

सकाळी माझी प्रार्थना छोटी असते,
कारण नळाला पाणी वीसच मिनिटं येतं.
देवा, आज पोटापुरतं.
देवा, आज कौतिकबाईशी भांडण नको.
पहिलं बहुतेक मिळतं.

दिवाळीपासून आमचं बोलणं बंद.
माझा हंडा पायानं सरकवत ती म्हणाली होती,
"तुमना देव न्यारा, मंग नळबी न्यारा धुंडा."
सत्तर वेळा सात फार लांबचा हिशोब.
मला एकदाची क्षमाही जमली नाही.

परवा मुकादमानं वहीत
बावीस किलोच्या जागी बत्तीस लिहिले.
मी पाहिलं. त्यानं पाहिलं नाही.
दहा किलोचे पैसे म्हणजे
एस्तेरच्या वह्या, वर पाव किलो गोडेतेल.
मी म्हटलं, भाऊ, तो तीन पुसा, दोन करा.
तो हसला. शेजारची म्हणाली, येडी.
रस्त्यानं मीही स्वतःला तेच म्हणत आले
रेल्वे फाटकापर्यंत.
तिथे सुरतेची गाडी जायची होती.
डबे मोजता मोजता तो शब्द कुठंतरी पडला.
देव बोलला वगैरे काही नाही.
गाडी लांब होती, इतकंच.

घरी पोर तापानं फणफणलेली.
नवरा ऊसतोडीला गुजरातेत,
इस्टरच्या आत येईन म्हणतो.
मी धावले, आणि तिच्या खाटेपाशी थांबले.
ज्यांनी मिरची खुडली त्यांना ठाऊक आहे:
हात साबणानं धुवा, ताकात बुडवा, राखेनं घासा,
तिखट रात्रीपर्यंत कातड्यात राहतं.
या हातांनी कपाळ चेपायचं नाही,
पाण्याच्या घड्या ठेवायच्या नाहीत,
आपले डोळेसुद्धा पुसायचे नाहीत,
नाहीतर रडण्याचं कारण बदलतं.

मी दारात येऊन म्हटलं,
मोठ्यानं, चिडून:
देवा, मला एक हात दे.
थंड असला तर बरं.

कुणाचा, ते मी सांगितलं नव्हतं.

"काय हुयनं व माय? पोरले ताप शे का?"

कौतिकबाई.
माझ्याकडे न बघता आत शिरली,
चपला माझ्या चपलांशेजारी काढल्या,
मडक्यातलं पाणी घेतलं, जुन्या ओढणीची घडी केली,
आणि रात्रभर नव्हे, उगाच वाढवून सांगत नाही,
नऊ वाजेपर्यंत, तिची मालिका लागेपर्यंत,
माझ्या पोरीचं कपाळ धरून बसली.
मी कोपऱ्यात, हात अंगापासून लांब धरून,
प्रार्थनेत कुणी धरत नाही तसे.

ताप तिसऱ्या दिवशी उतरला,
सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांनी.

रविवारी पाळकसाहेब म्हणाले, कुणाची साक्ष?
मी उठले.
मंडळी चमत्काराची वाट बघत होती.
मला एवढंच बोलता आलं,
कौतिकबाईचा हात थंड होता.
आणि खाली बसले.
मागून कुणीतरी आमेन म्हणालं,
जरा उशिरा, न समजल्यासारखं.

सोमवारी नळावर आम्ही भांडलो.
हंडा तिचाच पुढे होता, हे खरं आहे.
पण मध्येच थांबून तिनं विचारलं,
"अंडेर कशी शे?"
मी म्हटलं, बरी.
मग पुन्हा भांडलो,
पाणी जाईपर्यंत.