धुक्याची नोंदवही

कुइसेब नदी. म्हणजे नदीची जागा.
पाणी आलं तर बातमी होते, तोवर वाळूच.
तिच्या काठी पहाटे एलिफास दाउसाब
जाळीखालची बाटली डोळ्यांसमोर धरतो
आणि वहीत लिहितो: धुकं, एक मिलिमीटरला थोडं कमी.

एकवीस वर्षं हेच लिहितो आहे.
समुद्र तिकडे पश्चिमेला, थंडगार,
पाऊस द्यायचा नाही म्हणून हट्टाला पेटलेला.
पण एखाद्या रात्री त्यालाही राहवत नाही,
तो नुसता श्वास पाठवतो.

आज सोबत लेक आहे, हेर्टा, इयत्ता सहावी.
गृहपाठ: आपल्या परिसरातील प्राणी
व त्यांचे अनुकूलन. पाच उदाहरणे.
तिनं पहिलं वाक्य लिहिलंय:
काळ्या भुंगेऱ्यानं ठरवलं, की आपण धुकं प्यायचं.

"ठरवलं?" एलिफास हसतो. "चल."

टेकाडाच्या धारेवर भुंगेरे,
डोकं खाली, बूड वर, वाऱ्यासमोर,
पोरं कोलांटी घ्यायच्या बेतात असावीत तसे.
पाठीवर थेंब जमतो, जड होतो,
घरंगळत तोंडाशी येतो.
एवढंच. मग दिवसभर ऊन.

"कुणी ठरवलं नाही गं.
कितीतरी सरळ उभे राहिले. ते गेले.
एखादा वाकडा उभा राहिला. तो उरला.
हे सगळे त्या वाकड्याचे."

हेर्टा 'ठरवलं' खोडते.
कागद दमट आहे, भोक पडतं.

पुढे वाळूत दोन दाणे लुकलुकतात.
दाणे नव्हेत, डोळे. डोक्याच्या पार माथ्यावर.
फुरशाच्या भावकीतला साप, बाकी सगळा गाडलेला.
तोही सकाळी स्वतःचंच अंग चाटून
धुकं पितो. हेर्टा लांबूनच लिहून घेते.

तापल्यावर पाली नाचू लागतात,
हा पाय वर, तो पाय वर,
जमिनीला कमीत कमी देणं लागावं म्हणून.
आणि ओरिक्स? तो सावली शोधत नाही.
अंगात ताप चढू देतो, आपण झोपलो असतो अशा तापात
चरत राहतो.
डोक्याकडे जाणारं रक्त तेवढं
नाकाशी गार करून घेतो.
"बाकी पेटू दे, डोकं थंड,"
एलिफास म्हणतो, आणि आपल्याच बोलण्याशी थबकतो.

चार झाली.

"बाबा, अनुकूलन म्हणजे जुळवून घेणं ना?"
"हं."
"मग आत्या म्हणते, आईनं जुळवून घेतलं नाही."

आत्या हे नारा फोडता फोडता म्हणते,
काट्यांच्या झुडपावरचं ते फळ,
एका हातानं बिया काढत,
दुसऱ्या हातानं माणसं.

एलिफास बाटलीचं झाकण लावतो. उघडतो. लावतो.
वॉल्विस बेला मासळीच्या कारखान्यात
रबरी बूट घालून उभी असेल ती,
बर्फात हात.
तिला पाणी लागायचं. बाटलीतलं नव्हे.
इथे कुणी सरळ उभं राहिलं तर काय होतं
हे त्यानं आत्ताच सांगून ठेवलंय.

"जिथं जगता येतं तिथं जाणं," तो म्हणतो,
"हेसुद्धा पुस्तकात असेल. बघ एकदा."

तेवढ्यात डोक्यावरून पखुर्डी जाते, नर,
पाणवठ्यावर पोट भिजवून निघालेला.
पोटाची पिसं स्पंजासारखी पाणी धरतात,
दूर कुठे उघड्यावर पिल्लं आहेत,
ती येऊन बापाची पिसं चोखणार.
वाटेत निम्मं वाळतं म्हणे.
तो तरी जातोच.

एलिफास हे सांगत नाही.
हेर्टाला माहीत आहे, तिनं आधीच लिहिलंय,
पाचव्या आकड्यासमोर, जरा घाईत.

मग ती बाटली मागते.
नाकाशी नेते, बराच वेळ.
"धुकं समुद्रावरूनच येतं ना?"
"तिकडूनच."
"मासळीचा वास येत नाही मुळीच."

बाटली परत देते. वही पोलक्यात घालते.
तो तारीख टाकायची विसरला होता, ती टाकतो.