दुरेघी वही

फालक डॉक्टर म्हणाले, घरी मशीन घ्या,
सकाळ-संध्याकाळ आकडे लिहून ठेवा,
काही विशेष घडलं तर समोर तेही.
नातवाची उरलेली दुरेघी वही घेतली.
वर नाव घातलं: कोकिळा प्रल्हाद तळेले, वय चोपन्न,
रेल्वे क्वार्टर, भुसावळ.

विशेष म्हणजे काय लिहायचं?
चार तारीख. एकशे अडुसष्ट, खाली एकशे दोन.
भरितात मिरची कमी पडली. ताट सरकवलं,
सांडलं नाही. तरी.
पाच: बोलणं नाही.
सहा: बोलणं नाही. मानेतून एक दोरी कानापर्यंत.
सात: यांची गाडी खंडव्याला, रात्री रनिंग रूमला मुक्काम.
एकशे सव्वीस. चौऱ्याऐंशी.
दोनदा मोजलं. वाटलं मशीन बिघडलं.

झोपेबाई म्हणतात, ऊन आहे व माय,
शेहेचाळीस चढलंय, डोकं फिरणारच.
असेल. पण सात तारखेलाही शेहेचाळीसच होतं,
आणि मी कूलरपुढे तोंड उघडं टाकून
झोपले होते लहान पोरीसारखी.

चौतीस वर्षांत यांनी हात उचलला नाही,
कुणी विचारायच्या आत सांगून टाकते.
फक्त दार. दार ज्या तऱ्हेनं लावतात
तो आवाज आधी पोटात जातो,
मग कानाला कळतो.
गेटाशी स्कूटर थांबली की
भर उन्हात माझी बोटं गार.
शरीराला कोण सांगतं? मी नाही सांगत.
मी तर विचारते, भाजी गरम करू का.

आज वहीत एक ओळ दिसली, माझी नाही.
पेन्सिलीचे उभे आकडे, लॉगबुकात असतात तसे:
एकशे ब्याऐंशी. एकशे दहा.
वेळ तीन चाळीस. विशेष: काही नाही.

पुढच्या महिन्यात यांची मेडिकल.
हाच आकडा निघाला तर इंजिनावरून खाली,
तीन वर्षं उरलेली असताना.
म्हणजे मी झोपेत, आणि हे अंधारात
एका हातानं पट्टा आवळत बसलेले.
एका हातानं तो नीट आवळत नाही,
मला ठाऊक आहे.

खोडरबर जवळच होतं.
वही उघडीच राहू दिली.
संध्याकाळी खुर्चीशी जाऊन उभी राहिले, म्हटलं,
हात द्या इकडे. मधे बोलू नका,
बोललं की आकडा चढतो.

बाही वर करायला यांना बराच वेळ लागला.