पार्श्वध्वनी

रामबागेच्या शाळेत यंदा वक्तृत्वाला परीक्षक तीन:
मी, माजी मुख्याध्यापक दिघे सर,
आणि समितीने वर्षभरासाठी घेतलेलं एक सॉफ्टवेअर.
दिघे सर दुसऱ्याच भाषणाला पेंगले.
ते पेंगलं नाही.

एकतीस मुलं, प्रत्येकी चार मिनिटं.
रात्री जेवणं उरकल्यावर
मुलाचे हेडफोन लावून मी त्याचे निकाल उघडले.
वेग, उच्चार, विराम, आत्मविश्वास,
सगळं अगदी दशांशापर्यंत.
सातव्या भाषणात मध्येच कचरागाडी आली होती.
तिचं गाणंही त्याने इमानदारीने उतरवून घेतलं
आणि आगाश्यांच्या निनादला उत्साहाचे दोन गुण जास्त दिले.
मी एकटीच हसले.

बारावी, महक कुशवाह, नववी ब.
विषय : आमची कान्ह नदी.
वडिलांचा पाटणीपुऱ्यात पोह्यांचा ठेला, घरी हिंदी,
मराठी मिळाली ती फक्त आमच्याकडून.

शब्दसंपदा : उत्तम. एकतिसांत सर्वोच्च.
विराम : एक. सहा पूर्णांक दोन सेकंद. तयारी अपुरी.
पार्श्वध्वनी : एक. दुर्लक्षित.

माझ्या कागदावर, लाल पेन्सिलीने,
तिच्या नावापुढे एकच अक्षर होतं : ळ.
त्याभोवती गोल.

पुन्हा ऐकलं.
"नदीच्या तलाशी गाल आहे," ती म्हणते.
यंत्राने तसंच लिहून घेतलंय, त्याला वावगं वाटलेलं नाही.
आणि मग, अगदी जवळून, माईकच्या शेजारून,
च्च.

मागे नेलं. आवाज वाढवला.
च्च.
दिघे सर नव्हेत, त्यांचं घोरणं वेगळं ऐकू येतंय.
हा आवाज मी ओळखते.
आईचा होता, मग माझा झाला.
भाजी खारट झाली की, कुणी दार उघडं टाकलं की.
पुण्याला एका लग्नात मी "येऊन राहिलेय" म्हटलं,
तेव्हा पंगतीत कुणीतरी हाच काढला होता,
आणि उरलेलं जेवण मी
हो आणि पुरे एवढ्या दोन शब्दांवर काढलं होतं.

सहा पूर्णांक दोन सेकंद.
पंखा. बाकाची कुरकुर. लांब एक हॉर्न.
तेवढ्यात ती पोर काय करत होती, ते आत्ता कळतंय.
पाठ केलेलं अख्खं भाषण समोर धरून
एकेक ळ वेचून बाहेर टाकत होती,
वडिलांच्या पोह्यांतून फोलपटं काढावीत तशी.

कारण त्यानंतर गाळ नाही, चिखल.
सगळे नाहीत, सर्व.
शाळा नाही, विद्यालय. डोळे नाहीत, नयन.
नदी काळी नाही, श्यामवर्ण.
वेळ गेलेली नाही असं न म्हणता ती म्हणते,
अजून अवधी आहे.
अडीच मिनिटं, एकदाही न ठेचकाळता,
पाय उचलून उचलून ती
माझ्या अक्षरापासून लांब चालत राहते,
आणि यंत्र तिच्या प्रत्येक शब्दाला
हिरवी टिकली लावत जातं.

त्याचं चुकलं, असं म्हणणार होते.
पण आवाज त्याने टिपला होता.
कुणाचा, एवढंच कुणी त्याला विचारलं नव्हतं.

खाली एक रिकामी चौकट आहे :
परीक्षकाचा अभिप्राय, ऐच्छिक.
साडेअकरा झाले, मुलगा हेडफोन परत मागून राहिलाय.
मी लिहिलं : पार्श्वध्वनी म्हणजे मी, वैद्य बाई.
खोडलं. परत लिहिलं.
मग आधीची सत्तावीस वर्षं आठवली,
जेव्हा कुणी काही टिपून ठेवत नव्हतं.

उद्या दुसरा तास नववी ब वर.
तिला काय म्हणायचं, ठरत नाही.
अंधारात जीभ टाळूला लावून बघते : ळ.
जरा पुढे, दातांच्या मागे : च्च.
दोघांत बोटभरही अंतर नाही.